फेर्पा लपवायला सांगत नाही, आपणहून कळवायलाही सांगत नाही

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये एक समज पक्का बसला आहे आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतही असतो. फेर्पा (FERPA) या शालेय नोंदींविषयीच्या संघराज्याच्या कायद्यामुळे सरकारी शाळांना मुलांची माहिती पालकांपासून लपवावी लागते. मूल तेरा वर्षांचे झाले की पालकांचा हक्क संपतो. काउन्सेलरची टिपणे कधीच बघता येत नाहीत. माहिती देण्यास नकार कळवणारा एक ‘ऑप्ट-आउट’ फॉर्म भरला की माहिती कुठेच जात नाही. आणि शाळेने कायदा मोडला तर तिच्याकडून कोर्टात भरपाई मिळते. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

पहिले तर सरळ उलटे आहे. 1974 च्या या कायद्याने मुलाच्या शालेय नोंदी पाहण्याचा हक्क दिला तोच मुळी पालकांना. लेखी मागणी आली की शाळेने जास्तीत जास्त 45 दिवसांत नोंदी दाखवायच्या. काही राज्यांत मुदत याहून कमी आहे. कॅलिफोर्नियात ती कामाचे पाच दिवस. एकदा मागणी पोचली की त्या नोंदी नष्ट करता येत नाहीत. शोधाशोधीचे पैसे शाळा घेऊ शकत नाही, प्रतींचे घेऊ शकते.

मागणी करताना बहुतेकजण चुकतात ते इथे: ‘मुलाची सगळी फाइल द्या’ एवढेच लिहितात. मग हाती येते ती ऑफिसातली मुख्य फाइल, म्हणजे रिपोर्ट कार्ड, लसीकरण आणि प्रवेशाचे कागद. नर्सच्या नोंदी, शिस्तीचे अहवाल, स्पेशल एज्युकेशनची कागदपत्रे बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये (परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) वेगवेगळ्या ठिकाणी असतात. म्हणून प्रिन्सिपलना तारखेसह ईमेल करा आणि प्रत्येक प्रकार नावानिशी लिहा: हजेरी, शिस्त, नर्स, काउन्सेलर, चाचण्यांचे निकाल, मुलाविषयी शिक्षकांनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार. हवे ते वर्षही घाला. शाळेची नर्स जे लिहिते ते साधारणपणे हिपा (HIPAA) या वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्याखाली येत नाही, फेर्पाखालीच येते. ‘हिपामुळे देता येत नाही’ हे उत्तर काउंटरवर सर्रास मिळते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. शाळेच्या आवारात बाहेरच्या रुग्णालयाने चालवलेले क्लिनिक असेल तर मात्र गोष्ट निराळी.

हक्क आहे तो नोंदी पाहण्याचा, प्रती घरी नेण्याचा नव्हे. प्रत्यक्ष येऊन पाहणे शक्यच नसेल तर शाळेने प्रती द्याव्यात किंवा दुसरी सोय करावी. घटस्फोटानंतर एक पालक पुण्याला परतला असेल तर त्याला हेच कलम उपयोगी पडते, कारण कोर्टाच्या आदेशाने किंवा तशाच बंधनकारक कागदाने हक्क स्पष्टपणे काढून घेतलेला नसेल तर दोन्ही पालकांचा हक्क सारखाच राहतो. मूल कोणाकडे राहते यावर तो ठरत नाही आणि व्हिसावरही नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना मात्र आपोआप काही मिळत नाही. त्यांनी नोंदी पाहाव्यात असे वाटत असेल तर पालकांनी सहीचे, तारखेचे पत्र द्यायचे. कोणत्या नोंदी, कशासाठी आणि कोणाला, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात.

तेरा वर्षांचा आकडा बहुधा कोपा या दुसऱ्याच कायद्यातून आला असावा. तो ऑनलाइन सेवांसाठी आहे, शाळेच्या नोंदींसाठी नाही. फेर्पात हक्क मुलाकडे जातो तो अठराव्या वर्षी, किंवा मूल कॉलेजात शिकू लागले की, मग वय काहीही असो. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे वर्ग करणाऱ्या मुलाच्या हायस्कूलच्या नोंदी पालकांकडे राहतात आणि कॉलेजच्या मुलाकडे. अठरानंतरही मूल करविवरणात तुमच्यावर अवलंबून असेल तर शाळा किंवा कॉलेज माहिती देऊ शकते. देऊ शकते, द्यावीच लागते असे नाही.

काउन्सेलरबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेली आणि कोणालाही न दाखवलेली टिपणे फेर्पाच्या नोंदींत येत नाहीत. तीच टिपणे व्हाइस प्रिन्सिपलना ईमेलने गेली की नोंद होतात आणि पालकांना पाहता येतात. अपवाद एकच: आपल्या जागी तात्पुरत्या आलेल्या बदली कर्मचाऱ्याला ती दाखवली तर ती नोंद होत नाहीत.

आता ज्यावरून सर्वात जास्त धुरळा उडतो तो मुद्दा. शाळेत मुलाने वेगळे नाव किंवा सर्वनाम (‘ही’ऐवजी ‘शी’ असे) वापरायला सुरुवात केली, तर पालकांना कळवायचे का? फेर्पा याबाबत गप्प आहे. तो मागितल्यावर दाखवायला लावतो. आपणहून फोन करायला सांगत नाही आणि मनाईही करत नाही. शिक्षकाने स्वतः पाहिलेले, नोंदीतून न घेतलेले काही सांगितले तर तेही फेर्पाच्या कक्षेत येत नाही. इथे राज्यांचे कायदे सुरू होतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. इंडियानाच्या 2023 च्या कायद्यानुसार अशी विनंती आल्यावर शाळेने कामाच्या पाच दिवसांत किमान एका पालकाला लेखी कळवायचे असते. कॅलिफोर्नियाने जुलै 2024 मध्ये केलेला एबी 1955 हा कायदा डिस्ट्रिक्टांना शिक्षकांवर अशी सक्ती करू देत नाही. सक्तीला मनाई म्हणजे पालकांपासून नोंद लपवण्याचा हुकूम नव्हे. फिरणाऱ्या मजकुरात नेमका हाच फरक पुसला जातो. कॅलिफोर्नियातल्या या वादावर कोर्टात जोरदार लढाई झाली आहे, तेव्हा जुन्या बातमीवर विसंबू नका. अभ्यासक्रमातल्या समलैंगिकता, लिंगओळख अशा विषयांवरच्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा. जून 2025 मध्ये महमूद विरुद्ध टेलर या मेरीलँडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी धार्मिक कारणासाठी आगाऊ सूचना आणि सूट मागणाऱ्या पालकांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला.

ऑप्ट-आउट फॉर्म अडवतो ती फक्त ‘डिरेक्टरी’ माहिती: नाव, पत्ता, फोन, फोटो, खेळातला सहभाग वगैरे. शाळेने करार केलेल्या सॉफ्टवेअर कंपन्या, मूल ज्या नव्या शाळेत जाते ती शाळा, कोर्टाचे समन्स, आणीबाणी, यांना तो लागू नाही. हायस्कूलमध्ये लष्करभरतीवाल्यांना नाव, पत्ता आणि फोन जातो. तो थांबवायला अनेक ठिकाणी वेगळी खूण करावी लागते. शिवाय सरसकट नकार दिला की इयरबुकमधून आणि ऑनर रोलमधूनही मुलाचे नाव गळू शकते, आणि ते पालकांना मे महिन्यात कळते. वर्षाच्या सुरुवातीला शाळेकडून येणारी फेर्पाची ती कंटाळवाणी सूचना वाचावी ती यासाठी.

भरपाईचा प्रश्न 2002 मध्येच मिटला. गोन्झागा विद्यापीठ विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फेर्पाच्या आधारे व्यक्तीला खटला भरता येत नाही. तक्रार जाते ती संघराज्याच्या शिक्षण खात्यातल्या स्टुडंट प्रायव्हसी पॉलिसी ऑफिसकडे, घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून 180 दिवसांत. तिथून पैसे मिळत नाहीत, शाळेला कायदा पाळायला लावले जाते. तक्रारीत तारखा, मागणीच्या ईमेलची प्रत आणि शाळेचे उत्तर जोडावे. ‘शाळा माहिती देत नाही’ एवढ्यावर काही हलत नाही. नोंद चुकीची असेल तर आधी शाळेकडे दुरुस्ती मागा, नाकारली तर सुनावणी, तिथेही नाकारली तर आपले म्हणणे फाइलला जोडण्याचा हक्क. मात्र गणिताला ‘बी’ का दिला, हा वाद या वाटेने लढता येत नाही; ‘ए’ मिळालेला असताना ‘बी’ नोंदवला गेला असेल तरच.