चाळीस दिवसांत एम.ए.ला प्रवेश? आधी गळा तरी शिल्लक ठेवा

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. "अरे, हिचा आवाजच फुटत नाहीये." मागे भाची काहीतरी सांगू बघत होती आणि नुसती हवा ऐकू येत होती. एम.ए. संगीताची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. सर्दी झाली का, विचारलं. नाही. ताप? नाही. मग ताईनं काही न बोलता एक मेसेज पाठवला. 'संगीत एम.ए. प्रवेश : ४० दिवसांत हमखास निवड, ७ गुपितं'. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. हाच मेसेज त्याआधी तीन ग्रुपांवर माझ्याकडेही आला होता. मी तो न वाचता अंगठ्यानं वर सरकवला होता, त्याची आता लाज वाटतेय.

गुपितं थोडक्यात अशी : पहाटे साडेतीनला उठून रोज बारा तास रियाज. यमन-भूपसारखे रोजचे राग टाळून अनवट, म्हणजे क्वचितच ऐकू येणारे राग. नेहमीपेक्षा वरची पट्टी, म्हणजे 'सा'च उंच धरायचा. तानपुरा नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर. भीती घालवायला एक गोळी. दही बंद, मध-मिरी सुरू. आणि शास्त्र वाचत बसू नका, ओळख काढा.

मी गवई नाही, पेटीवाला आहे. एका विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत गेली काही वर्षं साथीला बसतो. परीक्षक माझ्यापासून चार हातांवर असतात आणि गाणाऱ्याची मांडी थरथरते तीही मला दिसते. तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

आधी ते बारा तास. त्यांनीच घात केला.

मेसेज म्हणतो, '१० हजार तासांचा नियम विज्ञानानं सिद्ध केला आहे, म्हणून रोज १२ तास'. आधी साधा गुणाकार करा. चाळीस गुणिले बारा म्हणजे ४८० तास. दहा हजारांचे पाच टक्केही नाहीत. म्हणजे स्वतःच सांगितलेला नियम यांना स्वतःलाच पुरवता येत नाही!

आता ते विज्ञान. हा दहा हजारांचा आकडा निघाला तो अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या एका निबंधातून. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना त्यांनी दिवसभराची रोजनिशी लिहायला लावली. सर्वोत्तम गटातल्या मुलांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. नियम वगैरे काही नाही, ती एक सरासरी होती, आणि तिचा असा नियम केल्याबद्दल पुढे एरिक्सननंच नाराजी व्यक्त केली. पण मेसेजवाल्यानं त्या निबंधातलं जे वाचलंच नाही ते जास्त मोलाचं आहे. ही सर्वोत्तम मुलं एकट्यानं रियाज करत होती आठवड्याला सुमारे २४ तास. दिवसाला साडेतीन, कुठे त्याहून कमी. तोही सलग नाही. तासा-सव्वा तासाची बैठक, मग विश्रांती. आणि झोप? दुपारची डुलकी धरून दिवसाला साडेआठ तासांहून जास्त. सर्वांत मागच्या गटातली मुलं त्यांच्याहून कमी झोपत होती. ज्या शोधाच्या नावावर आमच्या भाचीला साडेतीनला उठवलं, तो शोध सांगतो की पोरांना झोपू द्या.

बरं, ती हातानं वाजवणारी मुलं होती. गळ्याचं आणखी वेगळं. काळी चारच्या (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) षड्जावर बाईचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात, त्याच्या वरच्या सप्तकातल्या तार षड्जाला चारशेहून जास्त वेळा. हे बारा तास? चिल्ला खोटा नाही, हे मान्य. चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज करण्याची परंपरा आहे, मोठमोठ्या वादकांनी तो केलेला आहे. पण तबलजीच्या बोटाला घट्टा पडला तर तो कौतुकानं दाखवतो. स्वरतंतूंवर तसाच घट्टा पडला की त्याला नोड्यूल म्हणतात आणि तो दाखवायला कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे जावं लागतं. पहाटेची खर्जसाधना चांगली, अगदी चांगली. अर्धा तास, खालच्या सुरात, गुरूला विचारून. मेसेजमध्ये गुरू हा शब्द एकदाच आलाय, तोही 'गुगल गुरू' असा.

भाचीला नोड्यूल नाही, सूज आहे. थोडक्यात निभावलं. पण सूज नुसत्या तासांनी आली नाही, वरच्या पट्टीनंही आली. 'पट्टी चढवा, आवाज तेजस्वी वाटतो' हे वाचून तिनं काळी चारचं काळी पाच केलं. परीक्षक पट्टीला मार्क देत नाहीत. तुमचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) नीट लागतो का आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) किंचाळल्यासारखा तर येत नाही ना, एवढंच ऐकतात. या दोन्हींच्या मध्ये जी बसते ती तुमची पट्टी.

अनवट रागांचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलंय. एक मुलगा आला. कडक इस्त्रीचा झब्बा, आवाज छान. काय गाणार, तर ललितागौरी. परीक्षकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मिनिटाला एकांनी शांतपणे विचारलं, "यात ललित कुठे आणि गौरी कुठे, जरा सुटं करून दाखवा." मुलगा थांबला. मी पेटीवर षड्ज धरून बसलो, दुसरं काय करणार. "बरं, नुसता ललित दाखवा." तेही येईना. राग ध्वनिमुद्रण ऐकून पाठ केलेला होता, जसाच्या तसा, श्वासाच्या जागांसकट. त्याच्यानंतर आलेल्या मुलीनं यमन मांडला. विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल. तिला सांगितलं, ताना नकोत, फक्त निषाद आणि गंधार घेऊन पाच मिनिटं बढत करा, राग हळूहळू फुलवा. तिनं केली. एकदा समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, अर्धी मात्रा आधी आली, ओशाळून हसली आणि पुढचं आवर्तन नेमकं बांधून आणलं. तिची निवड झाली.

अर्धसत्य मात्र यात आहे, नाइलाजानं कबूल करतो. दिवसभर एकामागून एक तोच यमन ऐकून परीक्षक कंटाळतात, मीही कंटाळतो. आणि जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम असेल, त्या घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतले जोडराग (दोन राग मिळून झालेले) गुरूसमोर बसून घेतले असतील, तर खुशाल गा. पण मग मूळ रागही तितकेच पक्के असायला हवेत. मारवा, पूरिया, सोहनी यांचे स्वर तेच, तर वेगळं काय ते गाऊन दाखवा, हा प्रश्न हमखास येतो. तिथे अनवट काही कामाला येत नाही.

४३२ हर्ट्झबद्दल पेटीवाला म्हणून चिडायचा हक्क मला आहे. '४४० हा नाझींनी लादलेला अशुभ स्वर' म्हणे. स्टुटगार्टच्या परिषदेत योहान शाइब्लरनं ४४० ची शिफारस केली ती १८३४ साली. हिटलर तेव्हा जन्मायचा होता. १९३९ ला लंडनमध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, त्याआधीच अमेरिकेत ते चालू होतं. आणि मुळात हा आकडा पांढरी सहाचा. आपला षड्ज कुठेही धरता येतो, मग यातला कुठला स्वर पवित्र म्हणायचा? वर त्या हिशेबानं तानपुरा लावून आलात आणि माझी पेटी ४४० ची असली, तर दोघांत ३२ सेंटचा फरक पडतो. पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांत शंभर सेंटचं अंतर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वाट. परीक्षेत पहिल्याच 'सा'ला तुम्ही बेसूर, आणि दोष पेटीवाल्याला.

गोळीबद्दल हसायला येत नाही. मेसेजमध्ये प्रोप्रॅनोलॉलचं नाव लिहून 'मेडिकलमध्ये सहज मिळते' असं म्हटलंय. छातीची धडधड आणि हाताची थरथर ती कमी करते, खरं आहे. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रा-वादकांच्या संघटनेनं १९८७ मध्ये पाहणी केली तेव्हा २७ टक्के वादकांनी अशा जातीच्या गोळ्या घेत असल्याचं सांगितलं होतं. पण दमा असणाऱ्याला ही गोळी वर्ज्य आहे. श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. आमच्या भाचीच्या पर्समध्ये सातवीपासून पंप असतो. ताईनं गोळी आणली नव्हती, पण चिठ्ठीवर नाव लिहून ठेवलं होतं. ज्यानं हा मेसेज बनवला त्याला हे वाक्य कुणीतरी वाचून दाखवा.

मध-मिरी घ्या हो, चव चांगली असते. फक्त गिळलेला मध अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. तिथवर तो पोचत नाही. पाणी प्या.

शास्त्र नको म्हणणाऱ्यानं परीक्षेचं पत्रक उघडलेलं नाही. कित्येक ठिकाणी लेखी पेपर असतो, आणि गाऊन झाल्यावर "झपतालाची दुगुन हातावर म्हणा", म्हणजे तालाचे बोल हातानं टाळी देत दुप्पट लयीत म्हणा, हे तर ठरलेलंच. निम्मी मुलं तिथेच अडखळतात, कारण रोज तबल्याच्या ॲपवर गातात आणि टाळी-खालीकडे (खाली म्हणजे जिथे टाळीऐवजी हात उलटा करायचा) हात जातच नाही. ओळखीचं म्हणाल तर, क्षेत्र लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, 'कुणाकडे शिकता' हे विचारलं जातंच. ओळखीनं कुणाचं कधीच काही झालं नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण ललित येत नसताना ओळख काढून त्या मुलाला कुणी वाचवलं नाही, हे मी पाहिलंय.

डॉक्टरांनी पाच दिवस मौन सांगितलंय, कुजबुजही नाही. काल संध्याकाळी गेलो तेव्हा भाची खिडकीत बसली होती, उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर पडत होती. टाळी, टाळी, हात उलटा, टाळी. मी शेजारी बसलो. तिनं मोबाइलवर लिहून पुढे धरलं : "मामा, दुगुन आली. चौगुन विचारतील?"

विचारतील, म्हटलं. तिनं पहिल्या टाळीपासून परत सुरुवात केली.