‘अमेरिकेतल्या श्रीमंत मराठी दात्यांची फुकट यादी’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

‘अमेरिकेतल्या प्रत्येक श्रीमंत मराठी माणसाची यादी फुकट मिळते’ असा एक मेसेज छोट्या संस्थांच्या ग्रुपांवर फिरतोय. गावच्या वाचनालयाचे हिशेब बघणाऱ्या माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘पत्रं टाकायला घेऊ का?’ नको, आत्या. मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत: अमेरिकी निवडणूक आयोगाच्या साइटवर मराठी आडनावं टाकून यादी डाउनलोड करा, घराच्या किमतीवरून देणगीचा आकडा ठरवा, देणग्या देणाऱ्या तिथल्या फाउंडेशनांची करविवरणं शोधून सगळ्यांना एकच अर्ज धाडा, आणि आपलीच माणसं आहेत, तेव्हा एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या भारतीय कायद्याखालची नोंदणी, लागत नाही.

पहिली सगळ्यात घातक. यादी खरी आहे, हे मान्य. राजकीय समितीला, म्हणजे निवडणुकीसाठी पैसे गोळा करणाऱ्या गटाला, २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, गाव, पेशा आणि नोकरीचं ठिकाण तिथे कुणालाही दिसतं. पण त्या यादीवरून देणगी मागायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदी आहे, आणि ही सूचना आयोगाच्या साइटवरच लिहिलेली आहे. नियम ११ सीएफआर १०४.१५ वाचा: राजकीय देणगी आणि धर्मादाय देणगी, दोन्ही त्यात येतात. ‘आमचं तर वाचनालय’ ही सबब चालत नाही. कुणाला कळणार, असं वाटत असेल तर हेही वाचा: समित्यांना प्रत्येक अहवालात १० बनावट नावं पेरायची मुभा आहे. त्या नावाने पत्र आलं की यादी कुठून उचलली ते लगेच उघड होतं.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ही यादी आपल्या कामाची नाही. उमेदवाराला द्यायच्या रकमेला मर्यादा आहे, २०२५-२६ साठी दर निवडणुकीला ३,५०० डॉलर. त्यामुळे बरा पगार असलेला इंजिनियर आणि अब्जाधीश एकाच आकड्यावर दिसू शकतात. कुलकर्णी शोधलं की कर्नाटकातले येतात, जोशी शोधलं की गुजरातचे आणि कुमाऊंचे. सगळ्यात मोठी गोम पुढेच आहे. तिथे राजकीय देणगी फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाले देऊ शकतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेला, भारतीय पासपोर्टवाला मुलगा या यादीत नसतोच. आणि एफसीआरए नसलेल्या संस्थेला पैसे घेता येतात ते नेमके भारतीय पासपोर्टवाल्यांचेच!

कारण चौथा मुद्दा अर्धाच खरा आहे. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती परकीय देणगी धरत नाहीत. फक्त त्याच्या पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. पण अमेरिकी नागरिकत्व घेतलेला सख्खा भाचा असो की ओसीआय कार्डवाली (भारतीय वंशाची पण परदेशी नागरिक असलेली) मावशी, त्यांची देणगी परकीयच. सुट्टीत गावी येऊन रुपयांत दिली तरीही. घोळ बहुधा परदेशातल्या नातेवाइकांकडून सरकारला न कळवता पैसे घ्यायच्या सवलतीमुळे झालाय. २०२२ मध्ये ती मर्यादा १ लाखावरून १० लाख झाली, पण ती व्यक्तीसाठी आहे, संस्थेसाठी नाही. संस्थेला नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागतेच. नोंदणीसाठी साधारणपणे ३ वर्षांचं काम, त्या काळात किमान १५ लाख खर्च आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत वेगळं खातं. मेसेजवर विसंबून ते पैसे गावातल्या चालू खात्यात घेतले तर विश्वस्त अडकतात.

फाउंडेशनांचा मुद्दा तेवढा कामाचा आहे, पण ‘सगळ्यांना एकच अर्ज’ हे त्यातलं विष. खाजगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ फॉर्म भरावा लागतो आणि तो प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ या साइटवर फुकट वाचता येतो. आधी पुरवणी माहितीचा भाग उघडा. तिथे एक चौकोन असतो: ‘आम्ही आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही.’ त्यात खूण दिसली की फॉर्म बंद करा. खूण नसेल तर खालची अनुदानांची यादी बघा, आणि तीही सलग ३ वर्षांची: कुणाला, किती, कशासाठी. आकडे बरेचदा वर्ष-दीड वर्ष जुने असतात, हे धरून चाला. सगळा पैसा एकाच शहरातल्या शाळा-इस्पितळांना जात असेल तर तुमचं पत्र वाया जाणार. भारतात काम करणाऱ्या एखाद्या अमेरिकी नोंदणीकृत संस्थेचं नाव दिसलं, तर अर्ज त्या संस्थेकडे करा. परदेशी संस्थेला थेट द्यायचं म्हटलं की फाउंडेशनला जादा छाननी करावी लागते, म्हणून लहान कौटुंबिक फाउंडेशनं सहसा त्या वाटेला जात नाहीत. आणि तिथल्या करदात्याला आपल्या ८०जी पावतीचा (भारतातल्या आयकर सवलतीच्या पावतीचा) काही उपयोग नसतो.

राहिली घराची किंमत. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ मुळे कराच्या नोंदीतली किंमत विक्री होईपर्यंत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्या घरांचे आकडे कुठल्या कुठे असतात. शिवाय त्या घरावर कर्ज किती, हे त्या किमतीत दिसत नाही.