‘एमआरआयमध्ये सगळं दिसतं’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजचा सारांश असा: रक्तवाहिन्यांमधला जन्मजात दोष एमआरआयमध्ये दिसतोच, कॉन्ट्रास्टचं (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायच्या औषधाचं) इंजेक्शन न देता काढलेला एमआरआय वाया जातो, आणि त्यानंतरही कॅथेटर (बारीक नळी) घालून अँजिओग्राफी सांगणारे डॉक्टर पैसे उकळतात.

इंजेक्शनचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सरळसरळ चूक आहे. टाइम-ऑफ-फ्लाइट या इंजेक्शनशिवायच्या एमआरआय पद्धतीत जागच्या जागी असलेल्या ऊतींवर रेडिओलहरींचा मारा करून त्यांचा सिग्नल दाबतात. बाहेरून नुकतंच आत शिरलेलं रक्त त्यातून सुटतं आणि पांढरंशुभ्र उमटतं. एएसएल (आर्टेरियल स्पिन लेबलिंग) ही इंजेक्शनशिवायची दुसरी एमआरआय पद्धत त्याहून चलाख. त्यात मानेपाशी धमनीतल्या रक्तावरच चुंबकीय खूण करतात. ही खूण काही सेकंदांतच विरते, शिवाय खूण केलेलं पाणी केशवाहिन्यांतून ऊतींत झिरपतं. त्यामुळे एरवी शिरा अंधाऱ्याच राहतात. एखादी शीर उजळली, की धमनीतलं रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून थेट तिच्यात घुसत असल्याचा दाट संशय येतो. एव्हीएममध्ये, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडल्या गेलेल्या गुंत्यात, नेमकं हेच होतं, आणि ते कळायला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

पण म्हणून ‘सगळं दिसतं’? नाही. संथ वाहणारं रक्तही त्या माऱ्यात सापडतं आणि टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये गायब होतं. चेहऱ्यावरची किंवा हातापायातली शिरांची गाठ तिथे शोधू नये. चरबीचा सिग्नल दाबलेल्या टी२ या एमआरआयच्याच दुसऱ्या प्रकारच्या चित्रात ती लख्ख दिसते. उलट, काही दिवसांपूर्वी साकळलेलं रक्तही टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये पांढरं दिसून वाहत्या रक्ताचा भास करतं. रक्तस्रावाच्या दाबाखाली छोटा एव्हीएम झाकला जाऊ शकतो, म्हणून तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ‘नॉर्मल’ रिपोर्ट वाचताना कोणत्या पद्धतीची चित्रं काढली होती, हे पाहायलाच हवं.

राहिला पैसे उकळण्याचा आरोप. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर नेऊन केलेली डीएसए, म्हणजे मेसेजमधली ती अँजिओग्राफी, एका सेकंदात अनेक चित्रं टिपते. कोणती धमनी गुंत्याला रक्त पुरवते, कोणती शीर आधी भरते, आत धमनीला फुगा आलाय का, हे तिच्याइतकं बारकाईने एमआरआय अजून दाखवत नाही. एव्हीएमवर उपचार ठरवताना हे लागतंच. तिच्यात क्ष-किरण आहेत, पक्षाघाताचा थोडा धोकाही आहे. उगाच करायची ती तपासणी नव्हेच.

शिवाय कॅव्हर्नोमापुढे, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यापुढे, डीएसए बहुधा हात टेकते. त्याच्यातलं रक्त जवळपास थबकलेलं असतं. तो पकडतो एमआरआयच, जुन्या रक्तस्रावातल्या लोहाच्या काळ्या कड्यावरून. डीव्हीए नावाच्या जन्मजात वेगळ्या शिरेचं निदानही एमआरआयवर होतं. तिच्यातून निरोगी मेंदूचंच रक्त वाहून जातं, म्हणून तिला सहसा कोणी हात लावत नाही, आणि तिच्यासाठी कॅथेटरची गरज क्वचितच पडते.