न्यूज, चेस, पेन : या शब्दांना फुलफॉर्म नाहीत

रोजच्या इंग्रजी शब्दांचे ‘फुलफॉर्म’ सांगणारी एक यादी कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरते आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरिअट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. पेन म्हणजे पॉवर एनरिच्ड इन निब. पुढे टी, डेट, ईट, स्माइल, कोल्ड, ओके, बाय. ही यादी नुसती फॉरवर्ड होऊन थांबत नाही. शाळेच्या परिपाठात ती सामान्य ज्ञान म्हणून वाचली जाते, मुलं ती वहीत उतरवून घेतात. म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. यातला ओके सोडला तर एकही शब्द आद्याक्षरांपासून झालेला नाही, आणि ओकेचंही यादीतलं रूप चुकीचंच आहे.

आद्याक्षरं जोडून सलग उच्चारायचा शब्द बनवण्याची चाल इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली. रडार हे नाव अमेरिकन नौदलाने १९४० मध्ये वापरात आणलं, लेझर त्यानंतरचा. अशा शब्दांना ‘ॲक्रोनिम’ म्हणतात, आणि हे नावसुद्धा १९४० च्या दशकात रुळलं. त्यामुळे कुणी फुलफॉर्म सांगितला की आधी विचारावं, हा शब्द कधीपासून आहे?

न्यूज पंधराव्या शतकापासून बातमी या अर्थाने सापडतो. ‘न्यू’ म्हणजे नवा, त्याचं हे अनेकवचन : नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये बातम्यांना ‘नूव्हेल’ म्हणतात, तेही ‘नवा’वरूनच. जुन्या इंग्रजीत याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही होतं. मग तो जास्तीचा ‘ई’ कोणत्या दिशेचा? शेक्सपिअरच्या नाटकांत ‘धिस न्यूज’ही आहे आणि ‘दीज न्यूज’ही, कारण अनेकवचन हळूहळू एकवचनासारखं वापरलं जात होतं. आज आपण ‘न्यूज इज’ म्हणतो, ‘न्यूज आर’ नाही, आणि तरीही ‘अ न्यूज’ चालत नाही, ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणावं लागतं. हा नियम मुलांना विचित्र वाटतो. शब्दाचा जन्म सांगितला की तो लगेच उलगडतो. चार दिशांनी काहीच उलगडत नाही. आणि आपणही कुणी भेटलं की ‘काय नवीन?’ असंच विचारतो ना!

चेसचा दावा हुशारीचा आहे, कारण त्याला खऱ्या गोष्टीचा आधार आहे. बुद्धिबळाचा पूर्वज असलेल्या आपल्या चतुरंगाची चार अंगं हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीच होती. पण इंग्रजी शब्दाशी त्यांचा संबंध नाही. यादीत शब्द चार, स्पेलिंगमध्ये अक्षरं पाच. शेवटचा ‘एस’ बेवारस उरतो. शिवाय ज्याच्यावरून खेळाला नाव मिळालं, तो राजाच यादीत नाही. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. राजावर हल्ला झाला की ‘शाह’ म्हणायचं. हा शब्द अरबी आणि लॅटिनमार्गे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला, त्याचं अनेकवचन इंग्रजीत ‘चेस’ म्हणून आलं आणि एकवचन ‘चेक’ म्हणून. राजाला अडवणं यावरून अडवणं, मग पडताळून पाहणं असे अर्थ वाढत गेले. बँकेत आपण फाडून देतो तो चेकही याच घराण्यातला. तोच ‘शाह’ मराठीत थेट फारसीतून ‘शह’ म्हणून आला. राजकारणातले शह-काटशह आणि इंग्रजीतला चेक हे सख्खे भाऊ आहेत. ‘मात करणे’ यातली ‘मात’ही फारसीच, ‘चेकमेट’मधला ‘मेट’ तोच. एवढा मोठा ठेवा बाजूला सारून आपण मुलांना चार फुटकळ शब्द पाठ करायला देतो, याचा मला मनापासून राग येतो.

पेनचं तसंच. लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पीस, कारण युरोपात पिसानेच लिहीत. धातूची निब सर्रास झाली ती एकोणिसाव्या शतकात, शब्द तिच्याआधी कित्येक शतकांचा. ‘पेन्ना’चं मूळ आणि संस्कृत ‘पत्’ म्हणजे उडणे, पडणे, हे एकच. त्यातूनच ‘पत्र’ झाला, ज्याचा अर्थ पंख, पान आणि मग पत्र. डेट आला लॅटिन ‘डाटा’वरून, म्हणजे ‘दिलेलं’ : रोमन लोक पत्र अमुक ठिकाणी अमुक दिवशी दिलं असं लिहीत. आपल्या ‘दत्त’चा तो नातेवाईक. ईट आणि ‘अन्न’ एका मुळाचे, स्माइल आणि ‘स्मित’ही. टी चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या ‘ते’पासून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेला.

कोल्डच्या बाबतीत मात्र चूक निरुपद्रवी नाही. यादी म्हणते, कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. हा फुप्फुसाचा दीर्घकाळचा आजार आहे, बहुतेकदा विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुरातून होणारा. साधी सर्दी विषाणूने होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत बरी होते. दोन्ही एकच समजणारा माणूस सर्दीला घाबरेल, नाहीतर खऱ्या दम्यासारख्या त्रासाला सर्दी समजून अंगावर काढेल.

ओके म्हणजे ‘ऑब्जेक्शन किल्ड’ नव्हे. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो ‘ऑल करेक्ट’ या अर्थाने छापून आला. तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची टूम होती, म्हणून ‘ओ’ आणि ‘के’. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी, ते किंडरहूक गावचे म्हणून, ‘ओल्ड किंडरहूक’साठी तो उचलला. ब्युरेन निवडणूक हरले, शब्द टिकला. हे सगळं ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वृत्तपत्रं चाळून मांडलं.

राहिला बाय. ‘बी विथ यू एव्हरीटाइम’ यातला पहिला भाग खऱ्याच्या जवळ जातो. ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुझ्यासोबत असो, हे निरोपाचं वाक्य झिजत ‘गुडबाय’ झालं. ‘गुड डे’च्या संगतीने ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. गॅब्रिएल हार्वी या इंग्रज लेखकाच्या १५७३ सालच्या पत्रात त्याचं अर्धवट झिजलेलं रूप ‘गॉडब्वाय’ असं सापडतं. ‘एव्हरीटाइम’ त्यात कुठेच नाही. बी आणि वाय नंतरचा ‘ई’ जुळवण्यासाठी तो मागाहून चिकटवला आहे.