‘युती’ आणि ‘आघाडी’: फिरत असलेल्या मेसेजबद्दल खुलासा

परभणीतल्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: ‘निवडणुकीआधी होते ती युती, निकालानंतर होते ती आघाडी.’ मीही तो सकाळी पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

आपल्याच राज्यातली उदाहरणं बघा. १९९९ साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले, निकालानंतर एकत्र आले, नाव आघाडी. २००४ ला तेच दोघं जागावाटप करून लढले, तरी नाव आघाडीच. उलट २०१४ ला शिवसेना-भाजप स्वतंत्र लढले आणि डिसेंबरात सेना सरकारात गेली, तेव्हाही लोक ‘युती सरकार’च म्हणत होते. म्हणजे नाव वेळेवरून ठरत नाही, त्या त्या गटाला ते चिकटलेलं असतं.

शब्दांचे मूळ अर्थ मात्र वेगळे आहेत. युती म्हणजे जोड, संयोग. पंचांगात ग्रहांची युती असते. डिसेंबर २०२० मधली गुरू-शनीची युती कित्येकांनी गच्चीवरून पाहिली असेल. आघाडी म्हणजे पुढची बाजू. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधायची दोरी ती आघाडी, मागची पिछाडी. ‘पुढची बाजू’ याच अर्थाने फौजेची आघाडी, मग पक्षांची.

आणखी एक. स्थानिक प्राधिकरण (महापालिका, जिल्हा परिषद वगैरे) सदस्यांच्या अनर्हतेचा, म्हणजे अपात्रतेचा, आपला १९८६ चा कायदा उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या गटालाही ‘आघाडी’च म्हणतो, म्हणजे निवडणुकीच्या आधीच.

पोरं हे वहीत उतरवून घेतायत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.