बाण उजवीकडे, मी डावीकडे

आवर्तसारणीत मूलद्रव्यं ११८ आहेत, याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. असतील. तक्रार होती ती कुठला गुणधर्म कोणत्या दिशेने वाढतो ते दाखवणाऱ्या बाणांबद्दल. सरांनी फळ्यावर चौकट आखली आणि रंगीत खडू काढले. अणुत्रिज्येचा पिवळा बाण उजवीकडून डावीकडे, आयनीभवन ऊर्जेचा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) लाल डावीकडून उजवीकडे, विद्युतऋणतेचा (दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढायची हाव) निळा खालून वर, धातुगुणांचा हिरवा वरून खाली. बघता बघता फळ्याचं कुरुक्षेत्र झालं आणि मी शरपंजरी पडलो.

"एकदम सोपं आहे," सर म्हणाले. सर असं म्हणाले की मी वहीची मागची दोन पानं कोरी सोडतो.

पहिला घोळ त्रिज्येचा. सोडियमपासून क्लोरिनपर्यंत एकाच ओळीत चालत गेलं, तर सहा प्रोटॉन वाढतात, सहा इलेक्ट्रॉन वाढतात, आणि त्रिज्या १८६ पिकोमीटरवरून ९९ वर येते. म्हणजे भर घालत गेलो आणि ऐवज निम्मा झाला! खाऊन खाऊन बारीक होणारी ही जात मला तरी दुसरीकडे कुठे भेटलेली नाही.

सरांनी मग मागच्या बाकाचा दाखला दिला. पुढच्या रांगेत कोणी धिप्पाड बसला असेल, तर त्याच्या आड मागच्याला लपता येतं. शेजारी बसलेल्याच्या आड लपता येत नाही. आतल्या कवचातले, म्हणजे केंद्रकाजवळच्या थरातले इलेक्ट्रॉन पुढच्या रांगेतले, ते बाहेरच्यांना केंद्रकाच्या ओढीपासून आडोसा देतात. एकाच कवचातले शेजारी, त्यांचा उपयोग जवळपास शून्य. ओळीत उजवीकडे जाताना शेजारी वाढतात, आडोसा तेवढाच राहतो, आणि तिकडे केंद्रकाचा दरारा दर घराला एका प्रोटॉनने चढतो. मग सगळे ओढले जातात आत. खाली उतरलं की पुढे एक नवी रांग येते, आणि शेवटचा इलेक्ट्रॉन निवांत होतो. हे मला तत्काळ पटलं. अनुभवाचा विषय होता.

आणि एकदा हे पटलं की बाकीचे बाण पाठ करायची गरजच उरत नाही, हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ आणि घट्ट, तर तो काढायला ऊर्जा जास्त, दुसऱ्याचा ओढायची हाव जास्त, धातुपणा कमी. लांब आणि सैल, तर सगळं उलटं. बाण एकच आहे, खडू उगाच चार झिजवले.

पण सुखाने बसू देतील तर ते रसायनशास्त्र कसलं! परीक्षेत प्रश्न येतो: 'आयनीभवन ऊर्जेच्या चढत्या क्रमाने लिहा: बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन.' बाणावर विश्वास ठेवणारा भाबडा जीव दिली तशीच यादी उतरवतो आणि भोपळा घेऊन घरी जातो. कारण बेरिलियमला लागतात ८९९ किलोज्यूल प्रति मोल आणि पुढच्या बोरॉनला ८०१. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन वरच्या पी उपकवचात (कवचातल्या एका कप्प्यात) असतो, लवकर सुटतो. नायट्रोजनला १४०२, तर ऑक्सिजनला १३१४. नायट्रोजनच्या तीन पी कक्षकांत, म्हणजे त्या कप्प्यातल्या खोल्यांत, एकेक इलेक्ट्रॉन, कोणाचा कोणाला त्रास नाही. ऑक्सिजनमध्ये चौथा येतो, एका कक्षकात दोघांना राहावं लागतं आणि कुरबुरी सुरू. शिकवायचे नियम आणि विचारायचे अपवाद, ही या विषयाची जुनी खोड आहे.

फ्लोरिनचं तर विचारूच नका. विद्युतऋणतेत पहिला नंबर, पण इलेक्ट्रॉन मिळाल्यावर जास्त ऊर्जा बाहेर टाकतो तो क्लोरिन. फ्लोरिन इतका चिमुकला की आलेल्या पाहुण्याला आत आधीच गर्दी.

या सगळ्यात मला आदर वाटतो तो रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हबद्दल. १८६९ साली इलेक्ट्रॉनचा पत्ता नव्हता, तरी या गृहस्थाने सारणी मांडली आणि सापडायच्या मूलद्रव्यांसाठी चक्क रिकाम्या जागा राखल्या. १८७५ मध्ये ब्वाबोद्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला त्यातलं गॅलियम सापडलं. त्याने घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्हने कळवलं, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास असायला हवी. धातू एकाच्या हातात आणि आकडा दुसऱ्याच्या डोक्यात! पुन्हा मोजल्यावर आली ५.९. मी प्रयोगवहीत आधी उत्तर लिहून मग निरीक्षणं भरली, की त्याला मात्र वेगळं नाव आहे.

तेच गॅलियम खाली उतरताना त्रिज्या वाढते या नियमाच्या तोंडाला पानं पुसतं. ॲल्युमिनियमच्या खाली बसून त्याहून मोठं व्हायचं नाव घेत नाही, कारण मध्ये आलेले डी उपकवचातले दहा इलेक्ट्रॉन आडोसा द्यायला कुचकामी. आणखी खाली हाफ्नियमने तर कहर केला. झिरकोनियमपेक्षा ३२ प्रोटॉन जास्त, अख्खं कवच जास्त, आणि आकार जवळपास तेवढाच. मधल्या चौदा एफ इलेक्ट्रॉनांचा आडोसा त्याहूनही फाटका. गुणधर्मही इतके सारखे की झिरकोनियमच्या खनिजांत हा पठ्ठ्या १९२३ पर्यंत लपून राहिला. मी त्याचं अख्खं टिपण तोंडपाठ केलं, कारणासकट. परीक्षेत तो आलाच नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही सापडला नसावा.