गांजाची चाचणी आणि मोबाइलवर फिरणारी सहा वाक्ये

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लागणारा, चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात जाणारा किंवा जहाजावरच्या नोकरीसाठी मेडिकल करून घेणारा बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा बहुतेक प्रत्येक मुलगा गांजाच्या चाचणीला मोबाइलवरचा एक संदेश वाचून आलेला असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "गांजा अंगात तीनच दिवस राहतो. घाई असेल तर लिंबूपाणी आणि ताक भरपूर प्यावे. कार्डावर रेघ पुसट आली की माणूस अडकला. शेजारच्याने ओढला तरी आपण सापडतो. भांग कायदेशीर आहे, तिच्यावरून कोणी कामावरून काढू शकत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे माणूस कामावर नशेत होता." अशा चाचण्यांसाठी लघवीचे नमुने घेण्याच्या कामात बरीच वर्षे काढल्यामुळे ही वाक्ये मला पाठ झाली आहेत. पहिली पाच मी कामगारांच्या तोंडून ऐकतो, सहावे मात्र सुपरवायझरांच्या तोंडूनही ऐकतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तेच करते.

तीन दिवसांचा दावा अर्धवट खरा आहे, म्हणूनच तो टिकला. लघवीच्या चाचणीत नशा आणणारे टीएचसी शोधले जात नाही. यकृताने त्याचे रूपांतर करून तयार केलेला, नशा न आणणारा अवशेष शोधला जातो. टीएचसी चरबीत विरघळते, तिथे साठून राहते आणि हळूहळू बाहेर पडते. हिंगाचा डबा रिकामा करून धुतला तरी वास आठवडाभर जात नाही, तसाच हा प्रकार आहे. एखाद्याच वेळी ओढलेल्या माणसाचा नमुना साधारण तीन-चार दिवसांनी मर्यादेखाली येतो, हे बरोबर आहे. पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तोच अवशेष सोडल्यानंतर कित्येक आठवडे, प्रसंगी महिन्याहून अधिक काळ सापडू शकतो. ही मर्यादा म्हणजे कट-ऑफ; अवशेष तिच्यावर गेला तरच चाचणी पॉझिटिव्ह. अमेरिकेतल्या सरकारी नियमांत ती प्राथमिक चाचणीसाठी एका मिलिलिटरमध्ये ५० नॅनोग्रॅम अशी आहे आणि आपल्याकडे गेटवर झटपट चाचणीसाठी वापरतात त्या अनेक कार्डांवरही तोच आकडा छापलेला असतो. या मर्यादेच्या आसपास असलेल्या माणसाचा नमुना आज निगेटिव्ह आणि परवा पुन्हा पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण लघवी कधी पातळ तर कधी दाट असते. "मी तर मधे काहीच घेतले नाही" असे तो सांगतो तेव्हा तो खोटेच बोलत असेल असे नाही.

लिंबूपाणी आणि ताक उन्हाळ्यात जरूर प्यावे, पण चरबीत बसलेला अवशेष त्यांनी धुऊन निघत नाही. पाणी फार झाले की लघवी पातळ होते, आणि ते लपत नाही: क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमीच असणारा शरीरातला टाकाऊ घटक, डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेले की नमुना संशयास्पद धरून पुन्हा मागवला जातो. नमुन्याच्या डबीला तापमानाची पट्टी असते आणि चार मिनिटांच्या आत ती ३२ ते ३८ अंश दाखवते की नाही, हेही पाहिले जाते.

रेघेचा गैरसमज मात्र नीट उलगडायला हवा, कारण त्यात निर्दोष माणूस भरडला जातो. कार्डावर सी (कार्ड चालते की नाही ते दाखवणारी) आणि टी (चाचणीचे उत्तर देणारी) अशा दोन जागा असतात. घरोघरी परिचित असलेल्या गर्भधारणेच्या चाचणीत टीची रेघ उमटली की उत्तर "हो" असते. गांजाच्या कार्डावर ते नेमके उलटे आहे. पट्टीतले रंगीत कण टीच्या जागी जाऊन चिकटतात आणि रेघ दिसते. नमुन्यात अवशेष पुरेसा असेल तर ते कण त्यालाच आधी धरून बसतात, टीला चिकटायला उरत नाहीत आणि ती जागा कोरी राहते. म्हणजे रेघ उमटली तर निगेटिव्ह, मग ती कितीही पुसट असो. सीची रेघच आली नाही तर ते कार्ड बाद. एका कारखान्यात, त्याचे नाव इथे नको, खानापूर भागातल्या एका मुलाच्या कार्डावर टीची रेघ पेन्सिलीने ओढून खोडल्यासारखी फिकट आली आणि गेटवरच्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे रजिस्टरात "पॉझिटिव्ह" असे लिहून टाकले. खोक्यातले माहितीपत्रक काढून त्याला वाचून दाखवावे लागले. तो चिडला, पण त्याने नोंद खोडली.

टीची जागा पूर्ण कोरी आली तरी ते अंतिम उत्तर नसते. कार्ड हे चाळणीचे काम करते, आणि चाळणीत कधी भलताच खडा अडकतो. पॅन्टोप्राझोल, म्हणजे आपल्याकडे अर्धे गाव सकाळी उपाशीपोटी घेते ती पित्ताची गोळी, घेणाऱ्यांची गांजाची प्राथमिक चाचणी चुकून पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत आणि औषधाच्या माहितीपत्रकातही तशी सूचना असते. एचआयव्हीवरच्या एफाविरेन्झबद्दलही हेच आढळले आहे. यासाठीच दुसरी, पुष्टीची चाचणी असते. जीसी-एमएस नावाचे यंत्र रेणू त्याच्या वजनावरून आणि तुकड्यांवरून ओळखते, त्यामुळे ते गोळीला गांजा समजत नाही. नमुना देण्यापूर्वी चालू औषधांची यादी लिहून द्यावी आणि कार्ड पॉझिटिव्ह आले तर पुष्टीची चाचणी लेखी मागावी. ही मागणी उद्धटपणाची नाही.

शेजारच्याच्या धुराबद्दल अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. बंद खोलीत तासभर ओढणाऱ्यांच्या शेजारी न ओढणाऱ्यांना बसवले, तेव्हा हवा खेळती नसताना काहींचे नमुने पहिल्या काही तासांत ५० पेक्षा कमी असलेला कट-ऑफ ओलांडून गेले, पण ५० ची मर्यादा ओलांडणे विरळाच होते, आणि पंखे चालू असताना परिणाम फार घटला. बसस्टँडवर कोणाच्या तरी शेजारी उभे राहिलो होतो, हे कारण त्यामुळे टिकत नाही.

भांगेचा मुद्दा कायद्याचा अर्धा धागा पकडून केलेला आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ साली एका जामीन प्रकरणात भांगेबाबत हाच अर्थ लावला. पण पानांतही टीएचसी असते आणि महाशिवरात्रीचा पेला लघवीत तोच अवशेष सोडतो. तो भांगेच्या पेल्यातून आला की चिलमीतून, हे चाचणीला कळत नाही. विजया, म्हणजे भांगेचेच आयुर्वेदातले नाव; त्या नावाने चिठ्ठीवर मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधांचेही तसेच. शिवाय एखादी गोष्ट गुन्हा नसणे आणि मालकाला ती चालणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वैद्यकीय परवानगीने गांजा घेणाऱ्या एका कामगाराला चाचणीवरून काढले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मालकाच्या बाजूने निकाल दिला. गांजाचे बोलाल तर आपल्याकडे त्याचे सेवनच कलम २७ खाली गुन्हा आहे, आणि घाट उतरून गोव्यात गेल्याने त्यात काही फरक पडत नाही.

आता सहावे वाक्य: पॉझिटिव्ह म्हणजे माणूस कामावर नशेत होता. दारूच्या यंत्रात फुंकल्यावर येणारा आकडा त्या क्षणीच्या रक्तातल्या दारूशी जोडलेला असतो, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम असा स्पष्ट आकडा आहे. त्याच कलमात अमली पदार्थासाठी मात्र आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता न येण्याइतका अंमल होता का, असा निकष आहे. लघवीतला अवशेष त्याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण तो नशा उतरल्यानंतरही कित्येक दिवस राहतो. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून बहुतेक नोकऱ्यांत केवळ अशा अवशेषावरून कारवाई करण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

याचा अर्थ कारखान्याने चाचणी घेऊ नये असा नाही. वितळलेल्या लोखंडाचा लॅडल, म्हणजे मोठे भांडे, डोक्यावरून नेणाऱ्या क्रेनवर कोण बसतो, याबाबत कडक राहण्याचा त्याला अधिकार आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचे वैमानिकही ३१ जानेवारी २०२२ पासून अचानक होणाऱ्या चाचणीच्या नियमाखाली आहेत. पण तिथे प्राथमिक चाचणीनंतर माणसाला कामावरून बाजूला करतात, पुष्टीची चाचणी होते, आणि पहिल्या वेळी त्याला व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवतात. आपल्या गेटवरच्या रजिस्टरात "कामावर नशेत सापडला" असे लिहिले जाते, तिथे "लघवीत गांजाचा अवशेष आढळला, पुष्टीची चाचणी बाकी" एवढेच लिहायला हवे; त्या कार्डाने त्यापलीकडे काहीच सांगितलेले नसते.